पंचफुलाबाईचा हाकारा

प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा नकाशा सकाळपासून जसाच्या तसा होता आणि डॉ. हेमांगी बोंद्रे सकाळपासून त्याच्यासमोर येरझारा घालत होती. नकाशाच्या वरच्या भागात, राखीव जंगलात, तीनशे बारा हिरवे ठिपके सावकाश हलत होते. खालच्या भागात, तिच्या जंगलात, एकही ठिपका नव्हता.

"बस ना जरा," विश्राम गोडघाटे म्हणाला. "फरशी झिजेल. चितळ काही त्याने येणार नाही."

हेमांगी बसली नाही. ही मुलगी पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली असं तिची आई म्हणायची, आणि गेल्या चौदा वर्षांत त्या भिंगरीने निंबखेडच्या चौदाशे हेक्टरांवरची एक पायवाट सोडली नव्हती. आज तिला जुन्या जिनिंग फॅक्टरीतली ही वीस फुटांची प्रयोगशाळा मिळाली होती, तर ती तिथेच फिरत होती.

निंबखेड खारपाणपट्ट्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या विहिरींचं पाणी आधी मचूळ झालं, मग खारट, मग असं की गुरंही तोंड लावीनात. २०५४ साली शासनाने पाच गावांची शेती निवृत्त केली. 'शेतीनिवृत्ती' हा शब्द तेव्हा नवा होता. माणसांसारखी जमीनही निवृत्त होते म्हटल्यावर लोक हसले होते. मग घरं सोडून नाल्यापलीकडे टाकळीला जायची वेळ आली आणि हसणं थांबलं. रिकाम्या वावरांत मूळचं जंगल परत आणायचं काम हेमांगीकडे आलं. ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

झाडं तर आली. खारं सोसणारी करंज आणि पिलू आधी, त्यांच्या आडोशाने अंजन, धावडा, मोह, तेंदू, बेहडा. लावलेल्या रोपांपैकी चौऱ्याण्णव टक्के जगली. हा आकडा ऐकून एका परिषदेत लोक उठून उभे राहिले होते. पण जंगल म्हणजे काही झाडांची हजेरी नव्हे. तेंदूचं फळ खाऊन त्याच्या बिया दोन डोंगर पलीकडे टाकणारं अस्वल नसेल, बेहडा चघळून बी थुंकणारं चितळ नसेल, तर ती नुसती लागवड. हेमांगीच्या जंगलात फळं झाडाखालीच पडून कुजत होती. चौदा वर्षांत एकाही मोहाला पोर झालं नव्हतं. सगळी झाडं एकाच वयाची, शाळेत एकाच वर्गातली मुलं रांगेत उभी करावीत तशी.

आठ आठवड्यांनी मूल्यांकन समिती येणार होती. वन्यजीव दिसले तर निंबखेडची नोंद कायमचं जंगल म्हणून होणार. नाही दिसले तर 'लागवड' असा शेरा पडणार, आणि लागवडीच्या जमिनीवर सौर पटलं उभारण्याचा प्रस्ताव तयारच होता. चौदा वर्षांची झाडं एका उन्हाळ्यात खाली येणार होती. हेमांगीने लग्न केलं नव्हतं, कुठे घर बांधलं नव्हतं, पुण्याची नोकरी दोनदा नाकारली होती. तिचं जे काही होतं ते नाल्याच्या अलीकडे उभं होतं.

"कुंपण नाही, रस्ता नाही. पाणी आहे, पाला आहे," ती म्हणाली. "मग का येत नाहीत?"

"भितात," विश्राम म्हणाला आणि त्याने खिशातून फुटाण्यांची पुडी काढली.

विश्राम ध्वनिजीवशास्त्रज्ञ. स्वभावाने इतका संथ की हेमांगीच्या चार वाक्यांना त्याचं एक येई. राखीव जंगलातल्या प्रत्येक कळपातल्या काही जनावरांच्या, शिवाय अस्वल-बिबट्यांच्याही कानात त्याने नखाएवढे 'कानबिल्ले' बसवले होते. कानबिल्ला जनावराच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातलं ताणद्रव्य मोजत राही. जनावर निवांत असलं की नकाशावर ठिपका हिरवा, सावध झालं की पिवळा, घाबरलं की लाल. या नकाशाला ते दोघे भयनकाशा म्हणत.

"गेल्या दोन वर्षांत पस्तीस जनावरं चुकून तुझ्या हद्दीत आली," विश्राम सांगू लागला. "सगळी लाल होऊन परत पळाली. कधी, ते बघ. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. वाघाला घड्याळ कळत नाही. म्हणून मी त्या वेळांचं ध्वनिमुद्रण काढलं. ऐक."

त्याने कळ दाबली. आधी वाऱ्याची सळसळ, मग बाईच्या गळ्यातून निघालेला, पण बाईचा वाटू नये असा लांब, धारदार आवाज. "होऽऽऽ हुर्र्र हा! हा! हा!" पाठोपाठ पुरुषांचे तीन-चार आवाज, तीच चाल धरणारे.

"हे कोण ओरडतंय?"

"तुझे वनसेवक. हे मुद्रण बारा वर्षांपूर्वीचं. आणि हे कालचं." पुन्हा तोच हाकारा, फक्त त्यात आता बाईचा आवाज नव्हता.

हेमांगी खुर्चीत बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"चाळीस वनसेवक, सगळे याच पाच गावांतले," विश्राम म्हणाला. "जन्मभर पीक राखलेली माणसं. तू त्यांच्या हातात रोपं दिलीस आणि सांगितलंस, ही जगली पाहिजेत. त्यांनी जगवली. चितळ दिसलं की हाकारा, रोही, म्हणजे नीलगाय, दिसला की हाकारा आणि वर गोफणीचा गोटा. तुझे चौऱ्याण्णव टक्के तिथून आलेत."

"अरे, पण झाडं मोठी होऊन नऊ वर्षं झाली. आता कशाला हाकलतात?"

"वावरात पाऊल टाकलं की हाकारा घालायचा, ही सवय आहे. त्यांना विचारलंस तर ते म्हणतील, आम्ही कुठे हाकलतो?"

हेमांगीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. जनावरं यावीत म्हणून तिने जंगल लावलं होतं, आणि जनावरं येऊ नयेत म्हणून तिच्याच माणसांनी ते डोळ्यांत तेल घालून राखलं होतं. त्या चाळीस जणांचा तिने दोनदा सत्कारही केला होता.

"पण ज्यांना गोटे लागले ती चितळं तर केव्हाच मेली असतील," ती म्हणाली.

"मेली. पण आई दचकते तेव्हा पिल्लू तिच्याकडे बघत असतं. उद्या ते आई झालं की तेही त्याच आवाजाला दचकतं. कारण त्याला ठाऊक नसतं, पण दचकायचं कधी ते ठाऊक असतं. मी याला वारसाभय म्हणतो. गोटा एका पिढीला बसला, भीती पाचव्या पिढीत पोचली. आणि मुद्दा हा की ही भीती जागेची नाही. माणसाच्या आवाजाची आहे."

"घालवायची कशी?"

विश्रामने दोन फुटाणे टेबलावर ठेवले. "हा एक मार्ग. माणसांनी जंगलातून बाहेर पडायचं. आवाज बंद. आयांना दचकायला काही नाही, म्हणून पिल्लांना शिकायला काही नाही. तीन पिढ्या. आठ वर्षं."

"आठ आठवडे आहेत आपल्याकडे. दुसरा?"

"दुसरा मार्ग, आवाज बंद करायचा नाही. त्याचा अर्थ बदलायचा." हे सांगताना मात्र तो थोडा चाचरला. त्याच्या दुभाषी यंत्रात बारा वर्षांचे जंगलाचे आवाज साठले होते. वानराचा निर्धास्तपणे पाला खातानाचा हुंकार, चितळ मादी पिल्लाला जवळ बोलावताना काढते तो बारीक सूर, सगळं ते यंत्र हुबेहूब बोलू शकत होतं. "हाकारा वाजवायचा, आणि लगेच मागोमाग 'इथे निर्धास्त आहे' असं त्यांच्या भाषेत सांगायचं. त्याच जागी खाणं ठेवायचं. शंभर वेळा केलं की हाकारा म्हणजे आमंत्रण. दोन-चार माद्या शिकल्या की पिल्लं आपोआप शिकतील."

"मग अडतंय कुठे?"

"आईकडून पिल्लाकडे भीती जाते, तसं हेही जाईल. पिल्लू मोठं होऊन दुसऱ्या कळपात जाईल, तिथे शिकवील. हेमांगी, आवाजाला कुंपण नसतं. थांबवायचं कसं?"

"थांबवायचं कशाला?" हेमांगी म्हणाली, आणि पुन्हा उठून चालायला लागली.

*

वनसेवकांनी तो हाकारा जिच्याकडून उचलला होता ती पंचफुलाबाई ढोकणे चार वर्षांपूर्वी कामावरून निवृत्त झाली होती. नाल्यापलीकडे टाकळीच्या हद्दीत तिचं दोन एकर वावर होतं. टाकळीचं पाणी अजून गोडं होतं. हेमांगी गेली तेव्हा बाई बांधावर बसून गोफणीची तुटलेली दोरी विणत होती. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकी, आणि मानी अशी की सत्काराच्या वेळी तिने शाल परत केली होती. रंग पसंत नव्हता म्हणून.

"तुमचा हाकारा मुद्रित करून ठेवायचा आहे," हेमांगी म्हणाली.

"कायले?"

हेमांगीने ते उत्तर वाटेत घोळून ठेवलं होतं. "नोंद म्हणून. पीक राखायची जुनी पद्धत पुढच्यांना कळावी."

हे खोटं होतं. सगळं सांगायला बसलं असतं तर तासभर लागला असता आणि बाईने नाही म्हटलं असतं तर आठवडा गेला असता, असं हेमांगीने स्वतःला समजावलं. पण खरं म्हणजे बाईच्या डोळ्यांत बघून सांगायची तिची हिंमत झाली नाही.

पंचफुलाबाई खुलली. "आता आठवलं का तुमाले? चौदा वर्सं झाली म्याडम, एकानं विचारलं नाई का हे रोपटे जगले कसे. तुमी पानी मोजत होत्या, खत मोजत होत्या. अवो, रोह्याच्या तोंडातून काढले आमी ते. माह्या सासूनं शिकवला होता मले हा हाकारा. तिच्या आवाजानं पाखरू झाडावर बसत नोतं."

"मग एकदा घाला ना."

बाई उठली. पदर खोचला, एक हात कानामागे धरला आणि तिने हाकारा घातला. नाल्यापलीकडच्या करंजांवरून पारव्यांचा थवा भुर्रकन उठला. बाईने समाधानाने तिकडे पाहिलं.

"बराबर आला का? नाईतर अजून एक घेता?"

"बरोबर आला," हेमांगी म्हणाली. तिला तिथे उभं राहवेना. चहाला थांबा म्हणत असतानाही ती निघाली.

*

पुढचे सहा आठवडे हेमांगीचा जीव टांगणीला लागला होता. विश्रामने 'बोलके खडे' तयार केले; दिसायला नाल्यातल्या गोट्यांसारखेच, आत मुठीएवढा ध्वनिवर्धक. राखीव जंगलाच्या काठापासून निंबखेडच्या मधोमध असलेल्या तळ्यापर्यंत त्यांनी असे नऊशे खडे मांडले. प्रत्येकाभोवती मूठ-मूठ वाळलेली मोहफुलं. वनसेवकांना सुट्टी दिली. दिवसातून सात वेळा प्रत्येक खडा आधी पंचफुलाबाईच्या गळ्याने ओरडे, मग वानराच्या गळ्याने निर्धास्त हुंकारे, मग चितळ मादीच्या सुराने जवळ बोलावी.

पहिले दहा दिवस काठावरचे ठिपके लाल होत आणि पळत. अकराव्या दिवशी एक ठिपका पिवळा झाला आणि थांबला. ती सतरा नंबरची चितळ मादी होती, पिल्लू पाठीशी असलेली. कॅमेऱ्यात दिसलं, ती एका खड्यापाशी आली, मान खाली घातली, फुलं हुंगली आणि खाल्ली. आई खाते म्हणून पिल्लानेही तोंड घातलं. हेमांगीने पडद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबर पूर्ण हिरवी होती आणि तिच्यामागे तिचा सगळा कळप. पाचव्या आठवड्यात रोही आले, मग वानरं. सहाव्यात एक अस्वल तेंदूखाली दिसलं. खडे वाजले की चारी बाजूंनी ठिपके हलत आणि आवाजाकडे सरकत. चितळांच्या ज्या पिल्लांनी माणूस कधी पाहिलाच नव्हता ती हाकारा ऐकून आयांच्या पुढे धावत.

समिती आली ती दिवाळीनंतर. तिघे जण तळ्याकाठी उभे राहिले आणि अध्यक्षबाईंनी झाडांच्या वयाबद्दल काही विचारायला सुरुवात केली. बाईंचा आवाज खणखणीत होता. त्या बोलत असतानाच धावड्यांमधून सतरा नंबर पिल्लासह बाहेर आली. बाई चकित होऊन आणखी बोलल्या. आणखी अकरा चितळं आली. समितीतल्या एका सदस्याने खोकून घसा साफ केला, तेव्हा एका रोह्याने कान त्याच्याकडे वळवले आणि तो चार पावलं पुढे आला.

"इतकी निर्भय जनावरं मी आयुष्यात पाहिली नाहीत," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिथेच, तळ्याच्या काठावर, कागदावर सही केली. निंबखेड जंगल झालं.

समितीची गाडी गेल्यावर हेमांगी मोहाखाली बसून रडली. विश्राम बाजूला उभा होता. त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती हुंदके देत होती तसतशी सतरा नंबर जवळ येत होती, तिकडे होतं.

*

पौषात टाकळीहून निरोप आला. पंचफुलाबाईंनी बोलावलंय, आजच्या आज.

त्याआधी बारीकसारीक गोष्टी कानावर आल्याच होत्या. टाकळीच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मैदानात रोही येऊन उभे राहतात म्हणे. पोरांना मजा वाटत होती. हेमांगीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण अहवाल लिहायचा होता, पुढच्या दोन प्रकल्पांची बोलणी होती. तिने ती शंका बाजूला सारली होती.

वावरात ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाण्यावर आली होती. निम्मी. उरलेली निम्मी तुडवून, खाऊन सपाट झाली होती. मचाणावर पंचफुलाबाई बसली होती. तिचा आवाज बसला होता.

"चढा वर," ती म्हणाली. "तुमाले एक दाखवायचं हाये. तुमी शिकलेल्या, मले समजून सांगा."

हेमांगी मचाणावर चढली. नाल्यापलीकडे तिचं जंगल पसरलं होतं, हिवाळी उन्हात स्वच्छ. बाईने हात कानामागे धरला आणि हाकारा घातला. होऽऽऽ हुर्र्र हा! हा! हा!

करंजांखाली माना वर झाल्या. एक, चार, दहा. मग ती सगळी चितळं नाल्यात उतरली आणि दुपारी गुरं पाण्यावर येतात तशी, अजिबात घाई न करता, वावराकडे चालू लागली. त्यांच्यामागे रोही. बाईने पुन्हा हाकारा घातला, आणखी मोठा. आणखी माना वर झाल्या.

"आठ दिवसापासून हेच चालू हाये," बाई म्हणाली. "जेवढी वरडते, तेवढे येते. गप बसली तर थोडे येते, वरडली तर सारे येते. साऱ्या टाकळीत असंच होऊन रायलं. काल त्या इंगोल्याच्या सुनेनं पोराले हाक मारली, तं अंगनात अस्वल आलं. पोरगं थोडक्यात वाचलं. लोक म्हनते, पंचफुलाच्या तोंडाले भूल पडली. माह्या सासूनं देल्लेला हाकारा हाये हा, बाई. काय झालं त्याले?"

हेमांगीला वाटलं, खोटं सांगावं. एक खोटं जमलं होतं, दुसरंही जमलं असतं. पण चितळं आता बांधावर आली होती आणि पुढे सतरा नंबर होती. तिने सगळं सांगितलं. मुद्रण नोंदीसाठी नव्हतं. खडे, मोहफुलं, नऊशे ठिकाणी, दिवसातून सात वेळा.

पंचफुलाबाईने बांधावरच्या चितळांकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्याच आवाजानं?"

"हो."

"मले विचारलं असतं तं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाईच म्हनली असती." बाईने नजर वावराकडे वळवली. "जंगल तुमचं झालं. वावर माह्यं गेलं."

हेमांगीच्या खिशात फोन वाजत होता. विश्राम होता. "तू मचाणावर आहेस ना? मला ठिपके दिसतायत," तो म्हणाला. "मी सकाळपासून तुला शोधतोय. पसरत चाललंय. नर पिल्लं कळप बदलतात, तिथे शिकवतात. बारा किलोमीटरपर्यंतची गावं झाली. दर महिन्याला दुप्पट होईल. आणि एक बिबट्यासुद्धा हिरवा झालाय, शाळेच्या मागे."

"उलटवता येईल?"

"खडे मी कालच बंद केले. पण आता खड्यांची गरजच नाही त्यांना, आया आहेत. भीती ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने परत आणावी लागेल. पिल्लाच्या समोर, आईला." तो थांबला. "आणि मग पहिला मार्ग, म्हणजे ती जंगलात तरी राहतील. जंगलात आठ वर्षं माणसाचा आवाज नको. कुणाचाच नको, हेमांगी. तुझाही नको."

तिने फोन खिशात ठेवला. नाल्यापलीकडे तिचं जे काही होतं ते राहणार होतं. फक्त तिथे पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हतं. आठ वर्षांनी ती चोपन्न वर्षांची असणार होती.

"पंचफुलाबाई," ती म्हणाली, "तुम्हाला गोफण मारावी लागेल. त्या पुढच्या मादीला. तिचं पिल्लू बघत असताना."

"मले समजते ते," बाई म्हणाली. "आवाजाले कोनी भेत नसते. आवाजामागं गोटा असते, त्याले भेते. पन मी नाई मारनार."

"का?"

"हाक मारली म्हनून आलं ते. आपन बोलावलेल्याले मी गोटा मारू? हे माह्यानं होनार नाई." तिने कमरेची गोफण सोडली आणि हेमांगीच्या हातात दिली. "तुमी बोलावलं. तुमी मारा."

हेमांगी खाली उतरली. बांधावरून एक गोटा उचलून गोफणीत ठेवला. सतरा नंबर तीस पावलांवर होती, पिल्लू तिच्या पोटाला लागून. हेमांगीने गोफण फिरवली. गोटा सुटला तो भलतीकडे, मादीच्या पुढ्यात येऊन पडला.

सतरा नंबर दचकली नाही. ती पुढे आली, मान खाली घातली आणि गोट्याभोवतीची माती हुंगू लागली. मोहफुलं शोधत होती. पिल्लानेही गोट्याला नाक लावलं.

हाकाऱ्याचाच नव्हे, गोट्याचाही अर्थ तिने बदलून ठेवला होता. आता तो पुन्हा बदलायचा तर दोन्ही एकदम हवेत, एवढं शास्त्र तिला विश्रामने शिकवलंच होतं.

तिने दुसरा गोटा घेतला. कानामागे हात धरला आणि हाकारा घातला. तिचा आवाज फाटला, चाल चुकली, पण मादीला तेवढं पुरलं. ती मान वर करून चार पावलं आणखी जवळ आली. इतक्या जवळून चुकणं शक्य नव्हतं.

गोटा खांद्यावर बसला. मादी कोलमडली, सावरली. ती पळाली नाही. ती हेमांगीकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. हेमांगीला ओरडून सांगावंसं वाटलं, पळ गं. पण ओरडणं म्हणजे तिच्यासाठी 'ये'. म्हणून तिने ओठ आवळले आणि तिसरा गोटा उचलला.

तेव्हा सतरा नंबरने पुढचा पाय जमिनीवर आपटला. शेपटी ताठ झाली, आणि तिच्या गळ्यातून तो तुटक, भुंकल्यासारखा आवाज निघाला, जो निंबखेडमध्ये तीन महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. पिल्लाने आधी हेमांगीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याला काहीच लागलं नव्हतं. त्याने आपला इवलासा पाय उचलला आणि आपटला.

मग सगळा कळप पळाला.

फोन पुन्हा वाजला. "हेमांगी, नकाशावर दोन ठिपके लाल झालेत," विश्राम म्हणाला. "सतरा नंबर आणि तिचं पिल्लू."

"असे कळप किती आहेत आपल्याकडे?"

"एकवीस."

पंचफुलाबाई मचाणावरून एकेक पायरी उतरत खाली आली. खाली वाकून तिने मुठीत मावतील असे गोटे वेचायला सुरुवात केली, गुळगुळीत तेवढे ठेवत, कंगोऱ्याचे टाकून देत.

"खांदा सैल सोड, पोरी," ती म्हणाली. "अन् हाकारा पोटातून काढ. असा फाटला तं कोनी नाई भ्यायचं."